प्रवासाला नेण्याजोगा एकच चार्जर कसा निवडावा

चार्जरच्या खोक्यावर ‘६५ वॅट’ किंवा ‘१०० वॅट’ असा आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो आणि बहुतेक खरेदी त्या आकड्याच्या भरवशावर होते. तो आकडा खोटा नसतो, पण तो एका अटीवर खरा असतो : चार्जरला एकच उपकरण जोडलेले असले पाहिजे. प्रवासात ही अट क्वचितच पाळली जाते. हॉटेलच्या खोलीत किंवा रेल्वेच्या डब्यात जेमतेम एक सॉकेट हाती लागते, लॅपटॉप, फोन आणि इअरबड्सची डबी ही तिन्ही त्याच वेळी लावायची असतात आणि मग त्या ६५ वॅटांची वाटणी होते. त्यामुळे खरेदीपूर्वी शोधायचे उत्तर एवढेच, की फोन लावल्यानंतर लॅपटॉपच्या वाट्याला किती वॅट उरतात. ही माहितीही खोक्यावर असते. फक्त ती मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असते.

लॅपटॉपची गरज आधी ठरवावी

फोन बहुतेक कोणत्याही चार्जरशी जुळवून घेतो, कमी वॅट मिळाले तर हळू चार्ज होतो इतकेच. लॅपटॉपचे तसे नसते, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी. लॅपटॉपसोबत आलेल्या मूळ अडॅप्टरच्या खालच्या बाजूला ‘आउटपुट’ या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे दिलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असे लिहिले असेल तर तो अडॅप्टर ६५ वॅटचा आहे. कार्यालयीन कामाचे बहुसंख्य हलके लॅपटॉप ४५ किंवा ६५ वॅटचे असतात, मॅकबुक एअरसोबत ३० किंवा ३५ वॅटचे चार्जर येत आले आहेत, १६ इंची मॅकबुक प्रोचा चार्जर १४० वॅटचा आहे आणि खेळांसाठी बनविलेल्या लॅपटॉपचे अडॅप्टर १८० वॅटपासून ३०० वॅटच्याही पुढे जातात. या शेवटच्या गटातल्या लॅपटॉपसाठी छोटा चार्जर पूर्ण पर्याय ठरू शकत नाही. त्यांतील काही लॅपटॉप टाइप-सी पोर्टमधून १०० वॅटपर्यंत वीज घेतात आणि तेवढ्यावर लेखन, ईमेल, सादरीकरण ही कामे व्यवस्थित होतात; खेळ सुरू केला, की चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरू लागते. प्रवासात खेळायचे नसेल तर मूळ विटेएवढा अडॅप्टर खुशाल घरी ठेवावा.

मूळ अडॅप्टरवरचा आकडा ही कमाल मर्यादा असते, रोजची गरज नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे. साधा लॅपटॉप ब्राउझर आणि लेखनाच्या कामात १० ते १५ वॅट वापरतो. त्याची बॅटरी ५० वॅट-तासांची (म्हणजे तासभर ५० वॅट पुरविण्याइतक्या क्षमतेची) असेल आणि चार्जरकडून ४५ वॅट मिळत असतील, तर काम चालू असतानाही ३० वॅटांच्या आसपास वीज बॅटरीत जाते, आणि चार्जिंग शेवटी मंदावते हे धरूनही सुमारे दोन तासांत ती भरते. म्हणजे ६५ वॅटच्या लॅपटॉपला ४५ वॅट मिळाले तर आभाळ कोसळत नाही. मात्र यात एक अडचण आहे. काही लॅपटॉप ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वॅटचा चार्जर लावल्यास केवळ ‘हळू चार्जर’ अशी सूचना देऊन थांबत नाहीत, तर प्रोसेसरचा वेगही कमी करतात, आणि काही चार्जिंग सुरूच करीत नाहीत. आपला लॅपटॉप कोणत्या प्रकारचा आहे, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहून किंवा ओळखीच्या कोणाचा ४५ वॅटचा टाइप-सी चार्जर थोडा वेळ लावून ठरवावे. फोनच्या २० वॅटच्या चार्जरवरून ही परीक्षा घेऊ नये, कारण तसले बरेच चार्जर ९ किंवा १२ व्होल्टच्या पुढे जातच नाहीत आणि लॅपटॉपला बहुधा २० व्होल्ट हवे असतात.

त्याहूनही आधीची शंका अशी, की लॅपटॉपचे टाइप-सी पोर्ट वीज आत घेते का. पोर्टचा आकार सारखा असला तरी काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ते केवळ माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असते. पोर्टशेजारी बॅटरीचे किंवा प्लगचे छोटे चिन्ह असेल तर ते चार्जिंगचे पोर्ट समजावे. विजेच्या बाणाचे थंडरबोल्टचे (टाइप-सीच्याच आकाराच्या, माहिती वेगाने नेणाऱ्या पोर्टचे) चिन्ह असेल तर तेही बहुधा चार्जिंग करते. काहीच चिन्ह नसेल तर निष्कर्ष काढण्याची घाई न करता कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशील पाहावा. युरोपीय संघाने समान चार्जरचा जो नियम केला, तो फोन, टॅब्लेट, कॅमेरे आदींना २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. नव्या लॅपटॉपमध्ये टाइप-सीवरून चार्जिंग सर्रास दिसण्यामागे हेही एक कारण आहे, पण हाती असलेल्या जुन्या यंत्राला त्याचा उपयोग नाही.

गोल पिनेवर चार्ज होणाऱ्या जुन्या लॅपटॉपसाठी एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला गोल पिन असलेल्या केबली मिळतात. त्यांच्या आत एक छोटी चिप असते, ती चार्जरकडे २० व्होल्टची मागणी करते आणि १९ ते २० व्होल्टवर चालणाऱ्या लॅपटॉपला ते चालून जाते. परंतु काही कंपन्यांच्या अडॅप्टरमधील मधली बारीक पिन लॅपटॉपला अडॅप्टरची ओळख पटवून देते, आणि ती ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालू होतो पण बॅटरी भरत नाही. अशी केबल घ्यायचीच असेल तर आपल्या नेमक्या मॉडेलचे नाव तिच्या वर्णनात आहे याची खात्री करावी. ऐन कामाच्या सहलीवर निघताना हा प्रयोग पहिल्यांदा करणे शहाणपणाचे नाही.

चार्जर आणि उपकरण यांच्यातील बोलणे

टाइप-सी हे केवळ पोर्टच्या आकाराचे नाव आहे. त्यातून किती वीज वाहावी हे ‘पॉवर डिलिव्हरी’ किंवा पीडी हे मानक ठरविते. उपकरण जोडले की चार्जर आधी ५ व्होल्ट देतो आणि आपल्याकडे कोणकोणते पर्याय आहेत त्यांची यादी उपकरणाला कळवितो. ५, ९, १५ आणि २० व्होल्ट या त्यातील नेहमीच्या पायऱ्या. उपकरण आपल्याला हवी ती पायरी मागते आणि मगच व्होल्टेज वाढते. ‘१०० वॅटच्या चार्जरने फोन जळणार नाही ना’ ही शंका अनेकांना असते, तिचे उत्तर या पद्धतीतच आहे. फोन जेवढे मागतो तेवढेच त्याला मिळते, आणि काहीच न मागणाऱ्या ट्रिमरला किंवा इअरबड्सला साधे ५ व्होल्ट मिळत राहतात.

२०२१ पर्यंत पीडीची कमाल मर्यादा १०० वॅट होती. त्या वर्षी जाहीर झालेल्या ३.१ आवृत्तीने २८, ३६ आणि ४८ व्होल्टच्या पायऱ्या जोडून ती २४० वॅटपर्यंत नेली. १४० वॅटचे चार्जर याच आवृत्तीतील २८ व्होल्टची पायरी वापरतात. काही कंपन्यांनी मात्र मानकाबाहेरची वाट काढली आहे. डेलच्या काही लॅपटॉपसोबत टाइप-सीचाच १३० वॅटचा अडॅप्टर येतो, तो २० व्होल्टवर साडेसहा अँपिअर देतो, आणि हे प्रमाण पीडीच्या मानकात बसत नाही. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा १४० वॅटचा चार्जर लावला तरी अशा लॅपटॉपला १०० वॅटांच्या वर वीज मिळेलच असे नाही.

फोनच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस मालिकेतील फोनचे २५ आणि ४५ वॅटचे वेगवान चार्जिंग पीपीएस या पीडीच्या उपप्रकारावर चालते, ज्यात व्होल्टेज मोठ्या पायऱ्यांनी न बदलता अगदी बारीक टप्प्यांनी बदलते. चार्जरच्या तपशिलात ‘पीपीएस’ हा शब्द नसेल तर हे फोन चार्ज होतात, पण त्या वेगाने होत नाहीत. दुसरीकडे वनप्लस, ओप्पो आणि रिअलमी यांच्या फोनचा ६५, ८० किंवा १०० वॅटचा वेग त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचा असल्यामुळे तो बाहेरच्या पीडी चार्जरवर मिळत नाही. प्रवासासाठी ही तडजोड मान्य करावी असे माझे मत आहे. फोन रात्रभर लावून ठेवायचा असेल तर तो अर्ध्या तासात भरला काय आणि दीड तासात भरला काय, फरक पडत नाही. ज्यांना विमानतळावरच्या वीस मिनिटांत फोन भरून निघायचे असते त्यांनी मात्र फोनसोबतचाच चार्जर वेगळा न्यावा. एका चार्जरच्या हट्टापायी स्वतःची गैरसोय करून घेण्यात अर्थ नाही.

वाटणीचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन टाइप-सी पोर्ट असलेल्या ६५ वॅटच्या चार्जरची वाटणी साधारणपणे ४५ आणि २० अशी असते. ही चांगली वाटणी, कारण ४५ वॅटांवर हलका लॅपटॉप आरामात चालतो. परंतु ६५ वॅटचेच काही चार्जर दोन्ही पोर्ट वापरात आले की समसमान, म्हणजे ३० आणि ३० अशी वाटणी करतात. ३० वॅटांवर लॅपटॉप बंद असताना चार्ज होईल, पण व्हिडिओ बैठक सुरू असताना बॅटरी जेमतेम आहे तेथेच राहील. खोक्याच्या दर्शनी भागावरून या दोन चार्जरमधील भेद कळण्याचा मार्ग नाही. मागच्या कोष्टकात ‘सी१ + सी२’ अशी ओळ असते, ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ऑनलाइन खरेदीत हे कोष्टक उत्पादनाच्या छायाचित्रांपैकी शेवटच्या एखाद्या चित्रात असते. ते कोठेच नसेल, तर तो चार्जर घेऊ नये.

तीन पोर्टांच्या चार्जरमध्ये आणखी एक फसगत होते. पोर्ट दिसायला सारखी असली तरी सारखी नसतात. पूर्ण वॅट बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या टाइप-सी पोर्टमधून मिळतात, तर तिसरे पोर्ट २०-३० वॅटांपुरतेच असते, आणि तिन्ही वापरली तर काही चार्जर खालच्या दोन पोर्टांना एकत्र मिळून जेमतेम १५ वॅट देतात, म्हणजे त्या दोन्हींवरचे वेगवान चार्जिंग बंद पडते. लॅपटॉप कायम पहिल्या पोर्टला लावण्याची सवय ठेवली, तर यातील बराच गोंधळ टळतो.

या गणितावरून स्थूल नियम असा निघतो, की लॅपटॉपच्या मूळ अडॅप्टरपेक्षा सुमारे २० ते ३५ वॅट अधिक असलेला चार्जर घ्यावा. ३० किंवा ४५ वॅटच्या लॅपटॉपसाठी ६५ वॅट पुरेसे होतात. ६५ वॅटच्या लॅपटॉपला दिवसभर जड काम असेल तर १०० वॅटचा चार्जर घ्यावा, ज्याची वाटणी बहुधा ६५ आणि ३० अशी असते. काम हलके असेल तर ६५ वॅटचा ४५-२० वाटणीचा चार्जरही निभावून नेतो. ९६ किंवा १०० वॅटच्या लॅपटॉपसाठी १४० वॅटकडे जावे लागते, आणि तेथे आकार व वजन इतके वाढते, की दोन स्वतंत्र चार्जर नेणे अधिक सोयीचे ठरेल का, याचा विचार एकदा करावा. दोन जण सोबत प्रवास करणार असतील आणि दोघांकडेही लॅपटॉप असतील, तर १०० वॅटच्या एका चार्जरपेक्षा ६५ वॅटचे दोन चार्जर निःसंशय बरे, कारण दोघे एकाच खोलीत एकाच टेबलाशी बसतील याची खात्री नसते.

वाटणी करणाऱ्या चार्जरची एक सवय आधीच माहीत असलेली बरी. नवे उपकरण जोडले किंवा काढले, की बहुतेक चार्जर सर्व पोर्टांचा पुरवठा क्षणभर तोडतात आणि वाटणी नव्याने ठरवितात. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्यामुळे त्याला याचा त्रास होत नाही. पडदा किंचित मंद होऊन पूर्ववत होतो. पण त्याच चार्जरवर लहान वायफाय राउटरसारखे बॅटरी नसलेले उपकरण चालत असेल, तर ते बंद होऊन पुन्हा सुरू होते. हा चार्जरमधील दोष नसून त्याची कार्यपद्धतीच तशी आहे.

चार्जरवर एक तरी जुन्या चौकोनी आकाराचे, म्हणजे टाइप-ए पोर्ट असावे, असा माझा आग्रह आहे, आणि तो जुन्याच्या ओढीतून आलेला नाही. अनेक स्वस्त ट्रिमर, विजेऱ्या आणि ब्लूटूथ स्पीकर यांना टाइप-सीचे तोंड असते, पण आपण वीज घेणारे उपकरण आहोत हे चार्जरला कळविणारे दोन छोटे रोधक त्यांत बसविलेले नसतात. अशा उपकरणाला दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली तर चार्जर वीज सोडतच नाही आणि उपकरण बिघडले असा समज होतो. टाइप-ए ते टाइप-सी केबलने तेच उपकरण निमूट चार्ज होते.

आकार लहान कशामुळे होतो

गेल्या काही वर्षांत चार्जर आटले, त्याचे मुख्य कारण गॅलियम नायट्राइड हा अर्धवाहक आहे. खोक्यावर तो ‘गॅन’ या नावाने मिरवतो. भिंतीतून येणारी वीज चार्जरच्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केली जाते आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन तिचे व्होल्टेज उतरविले जाते. ही उघडझाप जितकी जलद, तितका ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. सिलिकॉनच्या स्विचमध्ये वेग वाढविला की उष्णतेच्या रूपाने नासाडी वाढते; गॅलियम नायट्राइडमध्ये ती बरीच कमी असते, म्हणून वेग वाढविता येतो आणि चार्जर लहान होतो. जुन्या पद्धतीचा ६५ वॅटचा अडॅप्टर त्याच्या जाड वायरींसह पिशवीचा एक कप्पा अडवितो, तर गॅनचा तेवढ्याच वॅटचा चार्जर मुठीत मावतो.

तथापि सर्वांत लहान चार्जर हाच सर्वांत चांगला, असे मानण्याचे कारण नाही. चार्जरची कार्यक्षमता ९२ टक्के धरली तरी ६५ वॅट देताना पाच-सहा वॅट उष्णतेत जातात आणि ती उष्णता बाहेर पडायला चार्जरचे बाह्य कवच एवढाच मार्ग असतो. कवच जितके लहान तितके ते अधिक तापते. विदर्भातील मे महिन्यात, खोलीतच चाळीस अंश असताना, अतिलहान चार्जर तापून स्वतःहून वॅट उतरवितो आणि खोक्यावरील आकडा तासाभरातच कागदावर राहतो. थोडा मोठा, थोडा जड चार्जर तोच भार दीर्घकाळ पेलतो. चार्जर हाताला गरम लागणे हे स्वाभाविक आहे; हात ठेववत नाही इतका तापणे, वास येणे किंवा कवचाचा सांधा उकलणे ही मात्र वापर थांबविण्याची कारणे आहेत. उशीखाली, अंथरुणात किंवा बंद बॅगेत चार्जर चालू ठेवू नये.

प्लग, सॉकेट आणि रेल्वेचा डबा

इतके सगळे जुळवून आणलेला चार्जर प्रत्यक्षात निकामी ठरतो तो बहुधा सैल सॉकेटमुळे. बाजारातील बऱ्याच चार्जरना युरोपीय पद्धतीच्या दोन गोल पिना असतात. त्या ४ मिलिमीटर व्यासाच्या असतात, तर आपल्याकडील ६ अँपिअरच्या प्लगच्या पिना सुमारे ५ मिलिमीटरच्या. नव्या सॉकेटमध्ये हे खपून जाते, पण लॉज, प्रतीक्षालये आणि रेल्वेचे डबे येथील वापरून झिजलेल्या सॉकेटमध्ये असा प्लग डुगडुगतो आणि चार्जरचे वजन जास्त असेल तर गाडीच्या धक्क्यांनी तो निसटून खाली येतो. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या चपट्या पिनांच्या चार्जरची गत याहून वाईट होते. सैल जोडातून ठिणग्याही उडतात, म्हणून हा केवळ गैरसोयीचा विषय नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, भारतीय मापाच्या जाड पिनांचा चार्जर निवडणे. दुसरा, आणि मला अधिक पटणारा, म्हणजे थेट भिंतीला लटकणाऱ्या चार्जरऐवजी वेगळी वायर लागणारा चार्जर घेणे. अनेक टेबलावर ठेवायच्या चार्जरना ८ या आकड्यासारख्या तोंडाची, टेपरेकॉर्डरच्या काळापासून विजेच्या कोणत्याही दुकानात मिळणारी दोन पिनांची वायर लागते. सॉकेटवर फक्त हलक्या प्लगचा भार पडतो, चार्जर बर्थवर किंवा टेबलावर राहतो आणि परदेशी जाताना त्या देशाची वायर लावली की अडॅप्टरची गरजच उरत नाही. वजन थोडे वाढते, हे खरे.

रेल्वेच्या अनेक डब्यांतील सॉकेट ११० व्होल्टची असतात. चार्जरवर ‘इनपुट’पुढे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले असेल तर तो तेथे चालतो, २०० ते २४० एवढेच लिहिलेला चार्जर प्रवासासाठी घेऊ नये. ही सॉकेट मुख्यतः मोबाइलसाठी दिलेली आहेत, त्यामुळे १४० वॅटचा चार्जर पूर्ण भाराने तेथे चालवू नये. दोन-तीन जण लॅपटॉप लावून बसले, की साऱ्या कंपार्टमेंटचा पुरवठा जाण्याची शक्यता असते. आगीच्या धोक्यामुळे रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याचा निर्णय २०२१ मध्ये पश्चिम रेल्वेने घेतला होता, तेव्हा रात्रीच्या गाडीत झोपताना फोन लावून सकाळी तो भरलेला मिळेल, असे गृहीत धरू नये. बसमध्ये आसनाशेजारी जे यूएसबी पोर्ट असते, त्यातून फक्त फोन चार्ज होतो. त्याच्या ५ व्होल्टवर लॅपटॉपची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

परदेशी जाताना व्होल्टेजची चिंता करण्याचे कारण नाही. जपानमधील १०० व्होल्ट, अमेरिकेतील १२० व्होल्ट आणि आपले २३० व्होल्ट या सर्वांवर १०० ते २४० व्होल्टचा चार्जर चालतो, म्हणून व्होल्टेज बदलणारा जड कन्व्हर्टर घेऊ नये. पिनांचा आकार बदलणारा साधा अडॅप्टर पुरतो. दुबई, सिंगापूर आणि ब्रिटन या मराठी प्रवाशांच्या नेहमीच्या तिन्ही ठिकाणी तीन चपट्या पिनांचा एकच प्रकार चालतो. युरोपच्या मुख्य भूमीवर वर उल्लेखिलेल्या दोन गोल पिना थेट चालतात, अमेरिका व जपानमध्ये दोन चपट्या पिना लागतात. सर्व देशांच्या पिना आत-बाहेर सरकविणारा ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर कागदावर आकर्षक दिसतो, पण तो स्वतःच मोठा असतो आणि त्यावर चार्जर लटकविला की सॉकेटवरील भार दुप्पट होतो.

धातूच्या कवचाचा लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर लावलेला असताना हाताला बारीक झिणझिण्या जाणवतात, त्याचाही उलगडा येथेच करतो. चार्जरमधील विद्युत गोंगाट, म्हणजे विजेतील नको असलेल्या लहरी, गाळणाऱ्या कपॅसिटर या एका छोट्या भागातून अत्यल्प प्रवाह कवचापर्यंत येतो आणि अर्थिंगची तिसरी पिन नसल्यामुळे त्याला जमिनीत जायला वाट मिळत नाही. चांगल्या चार्जरमध्ये तो धोकादायक पातळीच्या खूप खाली असतो. ज्यांना ते अजिबात सहन होत नाही त्यांनी अर्थिंगची तिसरी पिन आतून खरोखर जोडलेला चार्जर शोधावा. स्पष्ट झटका बसत असेल तर मात्र तो चार्जर पुन्हा वापरू नये.

केबल

चार्जर १०० वॅटचा आणि केबल साधी, तर लॅपटॉपला ६० वॅटच मिळतात. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच चालते. २० व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे ६० वॅट. त्याहून अधिक विजेसाठी ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्या टोकात आपली क्षमता चार्जरला सांगणारी चिप असते. सॅमसंगच्या ४५ वॅट चार्जिंगलाही ५ अँपिअरचीच केबल लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि दोष चार्जरला दिला जातो. आता केबलवर ६० किंवा २४० वॅट असा अधिकृत शिक्का येऊ लागला आहे. नवी घ्यायची तर २४० वॅटची घ्यावी. माहितीच्या वेगासाठी जास्त पैसे मोजू नयेत. थंडरबोल्टची केबल जाड, ताठ आणि महाग असते. केवळ चार्जिंगची केबल मऊ असते आणि सहज गुंडाळते. लॅपटॉपसाठी दोन मीटर आणि फोनसाठी एक मीटर ही लांबी हॉटेलात सोयीची पडते, कारण सॉकेट नेहमी टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात असते. चुंबकाने चिकटणारी सुटी टोके टाइप-सीच्या मानकात बसत नाहीत. लॅपटॉपसाठी ती वापरू नयेत. शिवाय एकच चार्जर म्हणजे एकच केबल नव्हे. स्मार्ट घड्याळाची चकती, जुन्या आयफोनची लाइटनिंग केबल आणि फिटनेस पट्ट्याची खास पिन या वस्तू बॅगेत राहणारच.

चिन्हे आणि विक्रेता

भारतात विकल्या जाणाऱ्या चार्जरना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर मानकाचे चिन्ह आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कळते. हा क्रमांक नसलेला, ‘इम्पोर्टेड’ म्हणून फुटपाथवर मिळणारा १२० वॅटचा चार्जर कितीही स्वस्त असला तरी तो लॅपटॉपला लावू नये. बनावट चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यातील अंतर राखलेले नसते, आणि तेथे बिघाड झाला तर उपकरण जळणे ही त्यातल्या त्यात बरी परिणती म्हणावी लागेल. संशयित चार्जर हातात घेतल्यावर त्याच आकाराच्या नामांकित चार्जरपेक्षा फारच हलका वाटला, तर आत काहीतरी गाळले आहे असे समजावे.

बॅटरीसह चार्जर, म्हणजे भिंतीला लावता येणारी पॉवर बँक, हा प्रकार दोन वस्तूंची एक करतो खरा, पण विमान प्रवासात तो बॅटरीच समजला जातो. तो चेक-इन सामानात ठेवता येत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावा लागतो, आणि त्याची क्षमता १०० वॅट-तासांपर्यंत असेल तरच तो विमान कंपनीच्या परवानगीविना नेता येतो. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने गुणल्यास ७४ वॅट-तास होतात. सुरक्षा तपासणीत अधिकारी कवचावरील हा आकडा शोधतात; तो पुसट झालेला असेल तर वाद घालून उपयोग होत नाही. साध्या चार्जरला यांतील कोणतेही बंधन नाही.

निघण्यापूर्वीची चाचणी

चार्जर घरी आल्यावर तो परत करण्याची मुदत संपायच्या आत त्याची एक संध्याकाळ परीक्षा घ्यावी. लॅपटॉपची बॅटरी पंचवीस-तीस टक्क्यांवर आणावी, कारण भरत आलेली बॅटरी मुळातच कमी वीज घेते आणि काहीच कळत नाही. मग लॅपटॉप पहिल्या पोर्टला, फोन दुसऱ्या पोर्टला आणि इअरबड्स तिसऱ्या पोर्टला, त्याच केबलींनी लावावेत ज्या बरोबर न्यायच्या आहेत. लॅपटॉपवर नेहमीचे सर्वांत जड काम, उदाहरणार्थ व्हिडिओ बैठक, तासभर चालवावे आणि बॅटरीची टक्केवारी वाढते, स्थिर राहते की घटते हे पाहावे. टक्केवारी घटत असेल तर आधी केबल बदलून पाहावी, मग फोन काढून पाहावा. फोन काढताच ती वाढू लागली तर त्या चार्जरची वाटणी आपल्या लॅपटॉपला अपुरी आहे आणि तो परत पाठवून वरच्या क्षमतेचा घ्यावा. भिंतीतील प्लग किंचित हलविला असता चार्जिंगचे चिन्ह जाते-येते का, हेही त्याच वेळी घरातल्या सर्वांत जुन्या सॉकेटवर पाहून घ्यावे.